शेलाक्काला कळवायचं राहिलंय

शालन, कामं सगळी उरकली. गॅसचं पुस्तक माझ्या नावावर झालं. रेशन कार्डावरून तुझं नाव कमी करायला पुन्हा एक खेप पडली, कारण अर्ज कन्नडमधून हवा होता आणि मी मराठीत लिहून नेला होता. तुझ्या काठापदराच्या साड्या प्राजूनं घेतल्या, रोजच्या तुझी भावजय बेळगुंदीला घेऊन गेली. तेराव्याचं जेवण पुरलं. कमी पडलं नाही, उरलंही नाही. मी धरलं होतं तसंच झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ओ, वाईच उरायला पाहिजे हुतं की. आलेल्या बायकांच्या डब्यात काय घालायचं?"

ज्यांना कळवायचं होतं त्यांना मी स्वतः फोन केले. नाव, नातं, गाव असा कागद करून घेतला आणि एकेकापुढं खूण करत गेलो. माझ्याकडची निपाणीची माणसं, तुझ्याकडची बेळगुंदीची, कारखान्यातले सगळे, तुझ्या भिशीच्या बायका, आणि पिरनवाडीचा तो शिंपीसुद्धा, जो तुझे ब्लाऊज नेमानं बिघडवायचा आणि ज्याला तू तरीही कधी सोडलं नाहीस. तो फोनवर रडला. सगळी नावं संपल्यावर प्राजूनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "बाबा, ह्यात सेलियाबाई कुठं आहेत?"

मी म्हटलं, "कळवतो."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. हाती घेतलेलं काम मी असं ठेवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. हे ठेवलं होतं. का ठेवलं होतं ते तुलाच सांगितलं पाहिजे, कारण भांडण तुझ्या-माझ्यातलं आहे. त्या बाईचा त्यात काही दोष नाही, आणि दोष नाही म्हणूनच तिचा जास्त राग येतो.

फोर्तालेझाला आपण गेलो ते माझ्या कामासाठी. आमच्या कारखान्यात काजू फोडायची यंत्रं होतात. त्यातलं एक ब्राझीलमधल्या त्या समुद्राकाठच्या शहरात गेलं होतं, ते बसवून, चालवून द्यायला मला जायचं होतं. मालक म्हणाले, वहिनींनाही न्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, कुठं नेलंय त्यांना? नेलं होतं. गोव्याला नेलं होतं, मालवणला नेलं होतं. पण ते मी बोललो नाही. तू मात्र आधी नाहीच म्हणालीस, कारण नवरात्र त्याच दिवसांत येत होतं. शेवटी घट धाकट्या जावेकडं गेला आणि उपवास तुझ्याबरोबर विमानात बसला. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर तुझ्या पिशवीतून भगरीची पुडी निघाली. तपासणीच्या मुलीनं "इदु एनु?", हे काय, म्हणून विचारलं, तर तू तिला मराठीत भगर कशी शिजवायची ते सांगायला लागलीस. मागं रांग तटली होती. ती मुलगी मान डोलवून ऐकत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

यंत्र बसलं, चाललं. उरलेले दिवस मी इथूनच आखून नेले होते. सकाळी जुना किल्ला, मग मोठं चर्च, मग लेसचा बाजार, संध्याकाळी दीपस्तंभ. पहिल्या मोकळ्या सकाळी आपण हॉटेलातून निघालो. समुद्र पाचूसारखा हिरवा, वारा असा की तुझी ओढणी एका जागी ठरेना. किनाऱ्याच्या रस्त्यावर मोठ्या छत्रीखाली एक बाई गाड्यावर तवा ठेवून पांढरं काहीतरी भाजत होती. तू थांबलीस.

"साबुदाणा हाय ओ ह्यो."

"नाही," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी असेल. चल, किल्ला उघडला असेल."

"नाकाला कळतंय की माझ्या."

तुझ्या नाकाचं खरं निघालं. ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच कंदाच्या पिठाचा तो घावनासारखा प्रकार होता, आत खवलेलं ओलं खोबरं घालून दुमडलेला. देवीनंच उपवासाची सोय केली असं म्हणून तू एक संपवून दुसरं मागितलंस. ती बाई आपल्याकडं बघत बघत कसलंसं फळ खात होती. तू नीट बघितलंस आणि ओरडलीस. बोंड! काजूचं बोंड, पिवळं-तांबडं, खाली बी लटकलेली. आपल्याकडं जे उन्हाळ्यात येतं ते तिथं दसऱ्याच्या तोंडावर. बेळगुंदीच्या माळावरची आप्पांची काजूची झाडं, बिया पोत्यात भरून बाजाराला आणि बोंडं पोरांच्या पोटात, हे सगळं तुझ्या चेहऱ्यावर असं उमटलं की त्या बाईनं न मागता एक बोंड काढून तुझ्या हातात दिलं. तू चावलंस, घशात धरलं, खोकायला लागलीस. ती पोट धरून हसली. मग तू तिच्याच गाड्यावरची सुरी घेतलीस, बोंडाच्या चकत्या केल्यास, मीठ भुरभुरलंस आणि एक चकती तिच्या तोंडासमोर धरलीस. तिनं खाल्ली. डोळे मिटले. "काजू," म्हणाली. तिच्या भाषेतही त्याला काजूच म्हणतात.

"व्हय बाई," तू म्हणालीस. "काजूच."

"उपवासाला साधं मीठ चालतं का?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही. दोघींपैकी कुणीही माझ्याकडं बघितलं नाही.

तिचं नाव सेलिया. गिऱ्हाइकं आदरानं दोना सेलिया म्हणत. तुझ्याहून थोडी मोठी, म्हणजे तुझ्या लेखी आक्का. दुपारपर्यंत सेलियाआक्का आणि संध्याकाळपर्यंत शेलाक्का. ती तुला शालाना म्हणायची, मधला 'ला' झोपाळ्यासारखा लांबवून. मी तुला इतकी वर्षं शालन म्हणतो. असं लांबवून म्हणता येतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्ही जाऊन या किल्ल्याला," तू म्हणालीस. "मी हितंच बसतो."

मी गेलो. किल्ला बघितला, चर्च बघितलं. परत आलो तेव्हा तू गाड्याच्या पलीकडं उभी होतीस. तव्यावर तुझा हात बसला होता. समोर एक अख्खं कुटुंब पोहण्याच्या कपड्यांत उघडंवाघडं ओलंचिंब उभं होतं आणि तू त्यांना म्हणत होतीस, "थांबा रं, हुतंय, हुतंय." शेलाक्का खुर्चीत पाय पसरून बसली होती. तिच्या गाड्यावर कुणी दुसरं उभं राहून तिला विसावा देतंय हे बहुतेक पहिल्यांदाच घडत होतं. म्हणजे ओळख झाल्यादिवशीच तू तिची जाऊ झाली होतीस.

आणि मग दुपारी ते झालं. तेच मला गिळता येत नाही.

गोव्याला आपण कितीदा गेलो? दरवेळी मी पाण्यात, प्राजू पाण्यात आणि तू वाळूवर पिशव्या घेऊन. मी हात ओढायचो. "चल की, गुडघाभर तरी." तू म्हणायचीस, "लोक बघत्यात ओ. आणि चपला कोण सांभाळणार?" मी काय काय करून बघितलं. चपला गाडीत ठेवून आलो. माणसं नसतील अशी जागा शोधली. तुझं ठरलेलं उत्तर, "मला हितनं दिसतोय की समुद्र." मी सोडून दिलं. काही बायकांना पाणी आवडत नाही, असं मनाशी धरून बसलो.

त्या दुपारी शेलाक्कानं तवा उतरवला, गाड्यावर कापड टाकलं, तुझा हात धरला आणि चालायला लागली. ओढलंसुद्धा नाही. नुसता धरला. आणि तू निघालीस. दोन पावलं जाऊन वळलीस, पायातल्या चपला काढल्यास, माझ्या हातात दिल्यास. "धरा वाईच." पिशवी पण दिलीस. आणि ते हिरवं पाणी तुझ्या पंजाबी ड्रेसच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. लाट आली तेव्हा तुम्ही दोघी एकदम उडालात. तू हसलीस. शालन, ते हसणं मला माहीत नव्हतं. तुझं हसणं मला ठाऊक होतं की. सिनेमा बघतानाचं, प्राजूच्या बाळपणातलं, माझ्यावर हसायचं ते वेगळं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. लोक बघत होते. सगळा किनारा बघत होता. मी तुझ्या चपला धरून उभा होतो.

हेवा वाटला. एका पोटसुटल्या, उन्हानं रापलेल्या, घावन विकणाऱ्या आक्काचा हेवा. एखादा पुरुष असता तर निदान मला समजलं असतं काय ते.

उरलेले दिवस मी आखलेलं सगळं बघितलं. एकट्यानं. तू रोज सकाळी छत्रीखाली. परतल्यावर कारखान्यातले, शेजारचे, सगळे विचारायचे, काय काय बघितलंत? मी सांगायचो, किल्ला, दीपस्तंभ, वाऱ्यानं सरकणारे वाळूचे डोंगर. मग तुला विचारायचे, वहिनी, तुम्ही काय बघितलंत?

"मी व्हय? मी एक बाई बघितली."

सगळे हसायचे. मी पण हसायचो.

मला वाटलं, परत आल्यावर संपेल. माणसं प्रवासात ओळख करतात, फोटो काढतात, विसरतात. पण तू फोनवर ते माइकचं बटण दाबून धरायला शिकलीस. मीच शिकवलं, हेही लिहून ठेवतो. दुपारच्या चहाला इथं तू कप घेऊन कट्ट्याला टेकायचीस, तेव्हा तिकडं तिची सकाळ असायची, गाडा लावायच्या आधीची. तू मराठीत बोलायचीस, ती तिच्या भाषेत. तुला तिचं कळायचं नाही, तिला तुझं कळायचं नाही. आणि वर्षानुवर्षं हे चाललं.

रविवारी मी घरी असायचो तेव्हा सगळं कानावर पडायचं. "शेलाक्का, काय केलीस गं आज? इकडं लई ऊन हाय बघ. भेंडी आणलो, निम्मी निबर निघाली. प्राजूचा फोन आलता, तिला बेंगळूरचं पाणी मानवंना. ह्यांचं काय, बसल्यात यादी करत. आता पंख्याच्या पात्या पुसायची पण यादी केल्यात."

"ऐकू येतंय मला!" मी आतून ओरडायचो.

"येऊ दे. तुम्हाला कुठं सांगायलोय मी?"

मी समजुतीनं घेतलं. तुझ्या फोनवर भाषांतराचं ॲप घालून दिलं. तू मराठीत बोलायचंस, ते तिच्या भाषेत बोलेल, तिचं बोलणं तुला मराठीत ऐकू येईल. किती सोपं. तू एकदा करून बघितलंस. ॲपमधली बाई घसा न खाकरता स्वच्छ पुणेरी मराठीत बोलली, "आज हवामान उष्ण आहे." तू फोन खाली ठेवलास.

"ही कोण मधीच?"

"अगं, हीच दोना सेलिया. ती काय म्हणते ते सांगतेय."

"शेलाक्का अशी बोलती व्हय? ही तर बँकेतली वाटाय लागलीया."

तिथून ते भांडण सुरू झालं. आपल्या घरातलं सगळ्यात लांबलेलं भांडण, आणि ते आता कुणाच्या बाजूनंही संपणार नाही. मी म्हणायचो, जे एकमेकींना कळत नाही ते बोलायचं कशाला? तू म्हणायचीस, शेजारच्या गंगव्वाशी मी कशी बोलतो? ती कन्नडमध्ये, मी मराठीत. कुणाचं काय अडलं? मी म्हणायचो, गंगव्वाला मराठी कळतं आणि तुला कन्नड कळतं, तुम्ही दोघी आपापली भाषा सोडत नाही एवढंच. इथं गावभर तसंच बोलतात. त्याची आणि ह्याची बरोबरी होत नाही.

"आधी कळत हुतं व्हय? लग्न करून आलो तवा गंगव्वाचा एक शबुद समजत न्हवता मला. बोलत गेलो, कळत गेलं. कळल्यावर बोलू म्हणून बसलो असतो तर अजून बसलोच असतो."

"पण तोपर्यंत काय? तोपर्यंत जे बोललीस ते सगळं वाया?"

तेव्हा तू कप विसळता विसळता म्हणालीस, "तुम्हाला तर समदं कळतंय की माझं. मग?"

तो 'मग' अजून स्वयंपाकघरात आहे.

मी कमी बोलतो हे मला मान्य आहे. तू म्हणायचीस, "तुम्ही निपाणीकर. तंबाखूसारखं शब्द पण तराजूत घालून देणार." पण मी ऐकत नव्हतो असं नाही. तुझं प्रत्येक वाक्य ऐकायचो आणि त्याचं काहीतरी करायचो. भेंडी निबर निघाली म्हणालीस तर भाजीवाला बदलला. माझ्या लेखी ऐकणं म्हणजे हेच. ती मात्र हजारो मैलांवर बसून तुझ्या निबर भेंडीबद्दल काहीही करू शकत नव्हती, आणि तुला तेच हवं होतं.

तिचे शब्द घरात यायला लागले तेव्हा मला जास्त टोचलं. दूध उतू गेलं की 'आई गं' म्हणणारी तू 'व्हिशी!' म्हणायला लागलीस. तिच्या गाड्यावर काही सांडलं की ती तसं म्हणायची. मग प्राजू फोनवर 'व्हिशी' म्हणायला लागली. एकदा गंगव्वाच्या तोंडून ऐकलं. माझ्याच घरात, माझ्या गल्लीत त्या बाईचा शब्द फिरत होता, आणि माझा एकही शब्द तुझ्या तोंडी बसलेला मला आठवेना.

आणि तो रविवार. मी बाहेर जायला म्हणून पायात बूट घालत होतो. तू कट्ट्याला टेकून तिला सांगत होतीस. भाजीचं झालं, प्राजूचं झालं, आणि मग त्याच आवाजात, "आणि शेलाक्का, जिना चढलो की छातीत कसंतरीच हुतंय बघ. दम लागतोय. भ्या वाटतंय गं." मी एका पायात बूट घालून तसाच आत आलो.

"किती दिवसांपासून?"

तू बटण सोडलंस. माझ्याकडं बघितलंस. त्यात राग नव्हता. "तुम्हाला सांगितलं की तुम्ही डॉक्टरची वेळ घेता," तू म्हणालीस. "तिला सांगितलं की ती नुसती ऐकती."

मी डॉक्टरची वेळ घेतली. त्याच आठवड्यात. तपासण्या केल्या, गोळ्यांचा डबा केला, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला. त्यामुळं आपल्याला पुढचे महिने मिळाले, असं मी आजही ठामपणे म्हणतो आणि डॉक्टरही तसंच म्हणतात. वेळ घ्यायचीच असते. कुणीतरी बूट अर्धवट टाकून आत यायचंच असतं. पण 'भ्या वाटतंय' हे तू मला म्हणाली नाहीस. ते तू तिला म्हणालीस, जिला ते कळलंच नाही. हे मी किती बाजूंनी मांडून बघितलं, कुठल्याच बाजूनं ते माझ्या पदरात पडत नाही.

तू दवाखान्यात असतानाही तिच्याशी बोलायचीस, आवाज बारीक करून. एकदा म्हणाली होतीस मला, "बरं वाटल्यावर परत जाऊया का ओ? एकडाव?" मी म्हटलं, जाऊ, पण एकदा बघितलेलं परत कशाला, दुसरीकडं कुठं तरी जाऊ. तू "बरं" म्हणालीस. तुझा 'बरं' मला नेहमी कळायचा. तोही कळला.

आता तुझा फोन माझ्याकडं आहे. मी तो रोज चार्जिंगला लावतो. दुपारच्या चहाच्या वेळेला तो थरथरतो. आधीचे तिचे निरोप नेहमीसारखे होते. मागं गाड्यांचे आवाज, वारा, भांडं आपटल्याचा आवाज, तिची बडबड. मग ते आखूड होत गेले. "शालाना?" आणि मग थोडं थांबून एक वाक्य, शेवटी वर जाणारं. प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो.

मी का कळवलं नाही? प्राजूला वाटतं मला जमत नाही, दुःख होतं. दुःख होतंच. पण खरं ते तुला सांगतो. जगातल्या सगळ्या माणसांना मी स्वतः फोन करून सांगितलं होतं की तू नाहीस. एकच माणूस उरलं होतं ज्याच्यासाठी तू अजून कट्ट्याला टेकून उभी होतीस, रागावलेली, कामात अडकलेली, फोन बिघडलेली, काहीही, पण उभी. आणि ते माणूस मी नव्हतो. तेही तिलाच मिळालं होतं. वाटायचं, तिच्याकडून ते काढून घ्यावं. लगेच वाटायचं, राहू दे, निदान कुणाकडं तरी तू तशी असावीस. ह्या दोन्हींच्या मध्ये फोन थरथरत राहायचा.

प्राजू म्हणाली, "बाबा, आईचे सगळे निरोप ह्यातच आहेत. तिचाच आवाज आहे. ऐकावंसं वाटलं तर ऐका की."

मी म्हटलं, "ते तिला सांगितलेलं आहे."

परवा मी शेवटी कागद घेऊन बसलो. आधी मराठीत मजकूर केला, कमी शब्दांत, व्यवस्थित. ॲपमध्ये घातला. प्राजूला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हे पेपरातल्यासारखं झालंय. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते'. तुम्ही त्यांना यंत्राचा सुटा भाग पाठवताय का?" मी पुसून टाकलं. दुसरा केला. तोही तसाच झाला. मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही, काय करू.

तेवढ्यात गंगव्वा आली. हल्ली रात्रीची भाकरी तीच संध्याकाळी आणून देते, जोंधळ्याची, गरम. तिनं फोन थरथरताना बघितला, पडद्यावरचा शेलाक्काचा फोटो बघितला, छत्रीखालचा. तिला सगळं माहीत होतं. तू तिला काय सांगितलं नव्हतंस? भाकरी ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "आकीगे हेळ्री." आणि मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा, "सांगा तिला, सर. कायतीचं कायतीच मनात आणत बसली असंल."

मी निरोप पाठवला नाही. फोनच लावला, चेहरा दिसणारा.

तिनं पहिल्याच घंटीला उचलला. तिचं सगळं तोंड पडद्यावर आलं, केस पांढरे झालेले, मागं तोच समुद्र. "शालाना!" आणि मग तिला मी दिसलो. तू कधी फोन माझ्या हातात दिला नव्हतास, त्यामुळं मी दिसणं म्हणजेच काय ते तिला कळलं असावं. तरी तिनं विचारलं. तुझंच नाव, हळू. मी नुसती मान हलवली. हात जोडले. मग कॅमेरा वळवून भिंतीवरचा फोटो दाखवला, हार घातलेला.

शालन, ती रडली. गाड्यापुढची माणसं थांबली, कुणीतरी तिला खुर्ची दिली, ती रडतच राहिली. नुसती रडली नाही, बोलून रडली, एकेक सांगत, आठवत, जसं तुझ्या आईच्या वेळी बेळगुंदीत बायका रडत होत्या. एक अक्षर मला कळलं नाही. मध्ये 'काजू' आलं तेवढं कळलं. तुझं तेरावं उलटलं तरी मी रडलो नव्हतो. मंडप, स्वयंपाकी, पंचांग, पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय, कुणीतरी करायला हवं होतं. आणि ही बाई भर रस्त्यावर, काही हातचं न राखता, तुझ्यासाठी रडत होती. तेव्हाही मला काय वाटलं सांगू? माझ्याआधी हिला जमलं.

पण मी फोन ठेवला नाही. स्वयंपाकघरात गेलो, कट्ट्याला टेकलो आणि ती थांबेपर्यंत ऐकलं. त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं आणि काही करण्यासारखंही नव्हतं. कुणाची वेळ घ्यायची नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं पुसावं तसं ॲप्रननं तोंड पुसलं, माझ्याकडं बोट केलं आणि एक आखूड वाक्य बोलून थांबली. थांबण्यावरून कळलं की आता पाळी माझी आहे.

मी 'शेलाक्का' म्हणालो. इतकी वर्षं मी तिला दोना सेलियाच म्हणत आलो होतो. आणि मग मराठीतच बोललो, माझ्या निपाणीच्या मराठीत, आपल्या लग्नापासूनचं. ती मान डोलवत ऐकत होती. मध्ये एकदा हसली, ती नेमकी बरोबर जागी, का कोण जाणे. चहा गार झाला. गंगव्वा दारात येऊन उभी राहिली आणि मला तसा बोलताना बघून आवाज न करता परत गेली.

काय बोललो ते इथं लिहीत नाही. तुला नाही सांगणार. तुला हवं असेल तर शेलाक्काला विचार.